पेटार्ड आणि एनिग्माचं चौथं चाक

जर्मन, इटालियन आणि जपानी अशा तिन्ही नौदलांच्या पाणबुड्या बुडवण्यात हात असलेली एक ब्रिटिश विनाशिका होती, 'पेटार्ड'. जून १९४२ मध्ये ती सेवेत आली. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना रस आहे तो तिच्या पहिल्या शिकारीत.

३० ऑक्टोबर १९४२. पूर्व भूमध्य समुद्रात पाच विनाशिकांनी दिवसभर यू-५५९चा पिच्छा पुरवला. रात्री ती वर आली, जर्मन खलाशांनी भराभर उड्या टाकल्या. लेफ्टनंट टोनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर पोहत जाऊन त्या बुडत्या पाणबुडीत उतरले. मागोमाग टॉमी ब्राउन, कॅन्टीनमधला सोळा वर्षांचा पोरगा, वय खोटं सांगून आलेला! दोघे खालून कागद द्यायचे, हा वर पोचवायचा. अचानक पाणबुडी तळाला गेली. ब्राउन वाचला. ते दोघे आतच राहिले.

त्या कागदांत हवामान संदेशांची सांकेतिक वही होती. फेब्रुवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्या चार चाकांचं एनिग्मा वापरत होत्या आणि ब्लेचली पार्कवाले दहा महिने आंधळे झाले होते. पण किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांकडे यंत्रं तीन चाकांचीच. त्यांना वाचता यावं म्हणून पाणबुडीवाले चौथं चाक निष्क्रिय ठेवून संदेश धाडत. घ्या, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! तीन चाकांची मांडणी सापडली की चौथ्यासाठी उरतात फक्त २६ शक्यता. १३ डिसेंबरला कोडं सुटलं.

त्याच आठवड्यात माल्टाजवळ एका ग्रीक विनाशिकेच्या साथीनं इटालियन 'उआर्शेक'ही गेली.

तिसरी शिकार मात्र वाचवत नाही. १२ फेब्रुवारी १९४४, मालदीवजवळ. जपानी आय-२७ने 'खेदिव इस्माईल' हे सैन्यवाहू जहाज दोन मिनिटांत बुडवलं, सुमारे १३०० माणसं गेली. आणि ही पाणबुडी दडली कुठे, तर पाण्यात तरंगणाऱ्या वाचलेल्यांच्या खाली. पेटार्डनं तिथेच डेप्थ चार्ज टाकले. नाहीतर ताफ्यातली बाकी जहाजं धोक्यात होती, हिशोब कळतो. पण डेकवरून ते पाहणाऱ्यांचं काय झालं असेल? शेवटी टॉर्पेडोंवर टॉर्पेडो सोडून आय-२७ संपवली.

फॅसन-ग्रेझियरना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला, ब्राउनला जॉर्ज मेडल. तो १९४५ मध्ये घराला आग लागली तेव्हा बहिणीला वाचवायला गेला आणि मेला. पेटार्ड १९६७ मध्ये भंगारात निघाली. एनिग्माचं गुपित ब्रिटनमध्ये जाहीर झालं १९७४ साली.