चंडीगढचा आराखडा आणि तिथे पोट भरणारी माणसे

पाठाचा हेतू

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार, दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. शहराचा नकाशा हेही असेच एक साधन आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते वाचण्याची सवय असते. रस्त्याची रुंदी, खोलीचे माप, मोरीची जागा आपण चटकन शोधतो. या पाठात त्याच नकाशाला एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे : तो काढणाऱ्यांच्या मते या शहरात कोण कोण काय काम करून जगणार होते? ज्यांचा विचार झाला नाही, त्यांचे पुढे काय झाले?

उदाहरणासाठी चंडीगढ घेऊ. स्वतंत्र भारतात कोऱ्या कागदावर आखलेल्या शहरांपैकी ते सर्वांत गाजलेले शहर आहे, म्हणून तिथे हा प्रश्न स्वच्छ दिसतो.

१. पार्श्वभूमी

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. त्या वेळच्या अंबाला जिल्ह्यात, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी १९४८ मध्ये जागा निवडली गेली. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा होता. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले. त्यानंतर ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांच्याकडे काम आले. प्रशासनाची बाजू पी. एन. थापर आणि अभियांत्रिकीची बाजू मुख्य अभियंता पी. एल. वर्मा सांभाळत होते. भारतीय वास्तुविशारदांच्या चमूत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, ऊर्मिला युली चौधरी यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी कानाला ओळखीची वाटणारी नावेही आहेत.

७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि पुढे एकूण पाच लाख लोकसंख्या गृहीत धरली होती. साधारण ८०० मीटर × १२०० मीटरचा एक सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरात शाळा, दुकाने, मोकळी जागा, अशी मांडणी होती.

२. आराखड्यात काम कुठे होते?

ल कॉर्ब्युझिए यांच्या विचारात शहराची कामे चार : राहणे, काम करणे, शरीर-मनाची जोपासना आणि ये-जा. त्यांनी शहराला माणसाच्या देहाची उपमा दिली. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय असलेला कॅपिटॉल परिसर हे डोके, सेक्टर १७ मधील व्यापारी केंद्र हे हृदय, आणि पूर्वेकडची औद्योगिक वसाहत म्हणजे पोटातली आतडी. म्हणजे 'काम' या शब्दाखाली तीन गोष्टी आल्या : सरकारी कचेरी, पक्के दुकान आणि कारखाना.

दुकानांबाबतही बारीक विचार होता. खाली दुकान वर घर अशी मालिका, लहान बूथ, आणि काही गाळ्यांमध्ये कोणता धंदा चालावा याचेसुद्धा बंधन. भूखंड लिलावाने विकले गेले. ज्याच्याकडे भांडवल होते त्याला नकाशात जागा मिळाली.

३. पगारावरून घर

सर्वांत बोलका भाग सरकारी घरांचा आहे. नव्या राजधानीत प्रथम येणार ते सरकारी नोकर, म्हणून त्यांच्यासाठी घरांचे तेरा प्रकार ठरवले गेले. वरच्या टोकाला मुख्यमंत्री, खालच्या टोकाला शिपाई. नकाशावरच्या नावात आकडा हा दर्जाचा आणि अक्षर हे वास्तुविशारदाच्या नावाचे. आकडा जितका मोठा तितका पगार लहान. घराचा क्रमांक वाचला की आत राहणाऱ्याची नोकरी कळावी, अशी ही व्यवस्था.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. सर्वांत खालच्या प्रकारातही दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, स्वतंत्र न्हाणीघर आणि संडास, नळाचे पाणी आणि वीज होती. १९५० च्या दशकात मुंबईच्या चाळीत दहा-बारा बिऱ्हाडे सामाईक संडासापुढे रांग लावत होती, हे आठवले की शिपायाच्या या घराचे मोल समजते. कमी खर्चात माणसाला शोभेल असे घर कसे द्यायचे, यावर जानरे, फ्राय आणि ड्रू यांनी मनापासून काम केले. विटांच्या जाळ्या, उन्हापासून आडोसा, मागचे अंगण हे सारे त्यातून आले. चंडीगढवरची टीका वाचताना हे विसरू नये.

पण हे घर मिळण्याची अट एकच होती : नाव सरकारच्या पगारपत्रकावर असायला हवे.

४. गावगाड्याशी तुलना

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला इथे आपला गावगाडा आठवेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये याच नावाच्या पुस्तकात त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग अशा बलुतेदारांना गावाच्या रचनेत ठरलेली जागा होती आणि सुगीला धान्याचा ठरलेला वाटा होता. पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळी या नावांतही व्यवसायावरून वस्ती ठरल्याची खूण आहे.

दोन्ही रचनांमध्ये काम पाहून राहण्याची जागा ठरते. फरक कुठे आहे? गावगाड्यात प्रत्येक कामाची मोजदाद होती, पण ते काम जन्माने चिकटलेले होते. वेशीबाहेरची वस्ती ही त्या मोजदादीची क्रूर बाजू. चंडीगढने जात बाजूला ठेवून पगार हा निकष धरला, आणि हे मोठे पाऊल होते. मात्र शहराला लागणारी जी कामे पगारी नव्हती, ती मोजदादीतूनच गळली.

५. शहर बांधणारे हात

चंडीगढच्या बांधकामाची छायाचित्रे पाहा. यंत्रे थोडी आणि माणसे फार दिसतात. लाकडी परांच्या, उतरत्या फळ्या, आणि त्यांवरून डोक्यावर घमेले घेऊन ओळीने चढणाऱ्या स्त्रिया. आज कॅपिटॉल परिसर २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या काँक्रीटवर फळ्यांचे जे ठसे दिसतात, ते सेंट्रिंग करणाऱ्या सुतारांच्या कामाचे आहेत. राजस्थान आणि इतर भागांतून आलेले हे मजूर कुठे राहत? बांधकामाजवळच्या 'तात्पुरत्या' वस्त्यांमध्ये. काम संपले की ते परत जातील, असे गृहीत होते. पण शहराचे काम संपत नाही, आणि ज्याची गावी जमीन नाही तो परत कशाला जाईल?

जमीन कसणाऱ्यांचेही तसेच. सेक्टरांच्या जागी पूर्वी गावे होती. त्यांची जमीन संपादित झाली. बुडैल, अटावा अशी काही गावे आजही सेक्टरांच्या मधोमध दाटीवाटीने उभी आहेत. १९५२ च्या परिसर नियंत्रण कायद्याने शहराभोवतीच्या पट्ट्यात शेती चालू ठेवता येत होती, बांधकामावर मात्र बंधन आले.

पाडलेल्या गावांचा मलबा एका माणसाने जपला. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते आणि फाळणीत स्वतःचे गाव गमावून आलेले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी राखीव जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड यांतून मूर्ती घडवल्या. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले.

कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्यांची गोष्टही बोधप्रद आहे. जानरे यांच्या नावाने त्या आज परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला जातात. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला असे वारसा फर्निचर विकण्यावर बंदी घालावी लागली. त्या खुर्च्या जोडणारे सुतार आणि वेत विणणारे कारागीर स्थानिक होते. त्यांची नावे लिलावाच्या यादीत नसतात.

६. रेहडीवाले

चंडीगढमध्ये हातगाडीला 'रेहडी' म्हणतात. घरे झाली, माणसे आली, आणि त्यांना रोज भाजी, चहा, चप्पल दुरुस्ती, कपड्यांना इस्त्री हवी झाली. लिलावात घेतलेल्या दुकानाचा खर्च काढून स्वस्त भाजी विकणे परवडत नाही. शिपायाला आणि कारकुनाला परवडणारी वस्तू रेहडीवरच मिळे. रेहडी बाजार म्हणजे नकाशात नसलेली पण नकाशातल्याच माणसांची गरज.

मधू सरीन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगढवरील अभ्यासग्रंथात मजुरांच्या वस्त्या आणि रेहडीवाले यांचाच माग काढला. शहराच्या नियमांनी ज्यांना अनधिकृत ठरवले, त्यांच्यावाचून शहर चालत नव्हते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

नियोजनकारांना हे दिसले कसे नाही? त्या काळच्या समजुतीप्रमाणे देश उद्योगाच्या वाटेवर लागला की फेरीवाला, हमाल, रिक्षा ओढणारा यांना कारखान्यात नोकरी मिळणार आणि हे धंदे आपोआप सरणार होते. या कामांसाठी 'अनौपचारिक क्षेत्र' ही संज्ञाच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घाना आणि केनिया येथील अभ्यासांतून रूढ झाली. ज्याला नाव नव्हते, त्याला नकाशात चिन्हही नव्हते.

७. नकाशाकडून कायद्याकडे

नकाशाने जे नाकारले, ते मागायला लोक न्यायालयात गेले. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथावरून हटवण्यास न्यायालयाने मनाई केली नाही. १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात पदपथावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग मानला गेला.

पुढे २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला. त्यातील तीन तरतुदी लक्षात ठेवा :

- दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण.
- नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले.
- लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे तत्त्व.

म्हणजे फेरीवाल्यासाठी जागा आखणे आता नियोजनाचे कर्तव्य झाले. तरी नेमकी जागा कोणती, हा वाद संपत नाही. गिऱ्हाईक नसलेल्या कोपऱ्यात आखलेली चौकट ही विक्रेत्याच्या दृष्टीने जागा नसते.

घरांबाबतही प्रश्न चालू आहे. औद्योगिक क्षेत्रातली 'कॉलनी नंबर ४' ही मजुरांची जुनी वस्ती १ मे २०२२ रोजी, म्हणजे कामगार दिनी, पाडण्यात आली. पात्र ठरलेल्या कुटुंबांना मलोया येथे भाड्याची घरे देऊ केली गेली. 'पात्र' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९५३ मध्ये पात्रता पगारपत्रकावरून ठरत होती, आता ती सर्वेक्षणाच्या यादीवरून ठरते. यादीत नाव नसलेल्याची अवस्था दोन्ही काळांत सारखीच.

८. निष्कर्ष

पाच लाखांसाठी आखलेल्या चंडीगढची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १०,५५,४५० होती. या वाढीत बदली होऊन आलेले कारकून आहेत, प्राध्यापक आहेत, तसेच गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया आणि रेहडीवालेही आहेत. आराखडा सुंदर होता आणि शिपायाला त्याने खरोखर चांगले घर दिले. त्याची मर्यादा ही की त्याने कामाची यादी आधी बंद केली आणि मग रेघा मारल्या.

तुमच्यापैकी काही जण उद्या नगरपालिकेत, रस्ते विभागात किंवा बांधकाम संस्थेत नकाशे काढतील. नकाशात पार्किंगची जागा नियमाने दाखवावी लागते. बांधकाम मजुराच्या मुलांना दिवसभर बसायला सावली, भाजीच्या गाडीला उभे राहायला कोपरा, रिक्षावाल्याला पिण्याचे पाणी या गोष्टी तुम्ही विचाराल तरच कागदावर येतील.

स्वाध्याय

१. सरकारी घरांच्या तेरा प्रकारांतून त्या काळच्या राज्यव्यवस्थेविषयी काय कळते? चांगली आणि उणी अशा दोन्ही बाजू लिहा.

२. गावगाडा आणि चंडीगढचा आराखडा यांत व्यवसाय आणि वस्ती यांचा संबंध कसा ठरतो, याची तुलना करा.

३. तुमच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर एक तास उभे राहा. तिथे पोट भरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची नोंद करा. मग परिसराचा अधिकृत नकाशा मिळवा आणि त्यांपैकी किती जणांची जागा त्यात दाखवली आहे, ते मोजा.