वखार, धोटा आणि सामान्यनामे

सुरतेच्या पूर्वांगाला गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून आलेली जी असंख्य मराठी कुटुंबे नांदत आहेत, त्यांच्या मुलांना इंग्रजी नामे शिकवणे म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहिणे होय, असा समज रूढ आहे. परंतु ज्या घरांत बीम, बॉबिन, लूम, शिफ्ट, पार्सल हे शब्द अहिराणीच्या ओघात सहज मिसळून जातात, तेथील पाटी कोरी मानणे मला अन्यायाचे वाटते.

वास्तविक या शहराचा आणि इंग्रजी नामांचा ऋणानुबंध चार शतकांचा आहे. 1613 मध्ये जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांनी येथे पाय रोवले आणि आपल्या ठाण्याला ‘फॅक्टरी’ म्हटले, त्या नावात यंत्राचा लवलेशही नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीचा गुमास्ता तो ‘फॅक्टर’, आणि तो जेथे राहतो, माल साठवतो, हिशेब लिहितो ती फॅक्टरी. आपल्या लोकांनी तिला वखार म्हटले, आणि त्याहून नेमके भाषांतर मला तरी सुचत नाही. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची फौज सुरतेत शिरली, तेव्हा इंग्रजांचा येथील प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने राखली ती हीच वखार. त्या काळी शब्द शिकण्याची गरज मुख्यतः इंग्रजाला होती. छीट आणि सराफ ही आपली नामे त्याच्या कोशात कायमची वस्तीला गेली, ती व्यापाराच्या वाटेनेच. पुढे यंत्रयुगाने ‘फॅक्टरी’चा अर्थ पालटला, आणि आज गोडादऱ्यातील मुलगा त्या शब्दाने बापाचा कारखाना ओळखतो.

ज्यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेतच इंग्रजी शिकवीत होते आणि 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली. त्यानंतर तीनच वर्षांनी मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. अशा कोशात एका नामापुढे अर्थांची रांग लागते. शाळेच्या वहीत मात्र एका शब्दासमोर एकच अर्थ उरतो, आणि विद्यार्थ्याची वाढ खुंटते ती येथे.

1900 साली तापी खोऱ्यातील लोहमार्ग पुरा झाला आणि अमळनेर, नंदुरबारकडील माणसाला सुरत जवळ आली; पुढे यंत्रमागांनी त्याला येथे ठेवून घेतले. सुताने गुंडाळलेला बीम ज्याने हाताळला आहे, त्याच्या मुलाला तोच शब्द घराच्या तुळईला आणि प्रकाशाच्या झोतालाही लागतो एवढे दाखवावे. ‘शटल’ म्हणजे आपला धोटा, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उधना स्थानकावर न्यावे आणि दोन गावांमध्ये दिवसभर येरझारा घालणाऱ्या गाडीला ते नाव का पडले, हे त्याचे त्यालाच सांगू द्यावे.