नियमाने घडवलेली होडी

खडकवासल्याच्या तलावात पीकॉक बे नावाचे एक वळण आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र तिथे शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. अशा होड्यांची शर्यत लागली, तर जिंकते कोण? होडी की हाकणारा?

एकोणिसाव्या शतकात शर्यतीला लहानमोठ्या होड्या येत. मग मापांवरून प्रत्येकीचे ‘टनेज’ काढून गट पाडीत. १८८० च्या दशकातले ब्रिटिश सूत्र असे : पाण्याच्या रेषेवरची लांबी आणि रुंदी (फुटांत) यांची बेरीज करा, तिचा वर्ग करा, त्याला रुंदीने गुणा आणि १७३० ने भागा. हे सूत्र फळ्यावर लिहून मुलांना विचारून पाहा : टनेज न वाढवता लांबी कशी वाढवाल? रुंदी कमी करून, हे मुलांना लगेच सुचेल. लांब होडी जास्त वेगाने जाते, म्हणून आरेखकांनीही तेच केले. पेटन या आरेखकाची ‘ऊना’ ३४ फूट लांब आणि अवघी साडेपाच फूट रुंद होती. गणित केले की ४.९६ येते. म्हणजे होडी पाच टनांच्या गटात चपखल! मे १८८६ मध्ये ती डब्लिनच्या उत्तरेस किनाऱ्यावर आपटून फुटली. आतले सगळे बुडाले. त्यांत पेटनही होता.

पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, डब्लिनजवळच ‘वॉटर वॅग’ या होड्या निघाल्या. सर्वांचा आराखडा एकच. यामागचे कारण मात्र ‘ऊना’ नव्हते. दरवर्षी नवी वेगवान होडी बांधण्याचा खर्च टाळायचा होता. आम्ही प्रयोगात एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. ‘वन-डिझाइन’ शर्यतीचे तत्त्वही तेच.

ही कल्पना सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती प्लायवूडमुळे. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ मध्ये ‘एंटरप्राइझ’ आणली. शर्यतीलाही चालेल आणि सहलीलाही, अशी दोघांची होडी. लांबी ४.०४ मीटर, शिडे सुमारे साडेदहा चौरस मीटर. कागदाची सुरळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. प्लायवूडचेही तसेच, ते एका वेळी एकाच दिशेने वाकते. म्हणून एंटरप्राइझचे अंग गोल नाही. सपाट पट्ट्या कंगोऱ्यांवर जोडलेल्या आहेत. हौशी माणूस ती घरी बांधू शके. एरवी एवढ्या लांबीची होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि ताशी सुमारे ९ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. पण सपाट तळाची हलकी होडी चांगल्या वाऱ्यात पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाते आणि ही मर्यादा ओलांडते.

भारतात सेनादलांच्या नौकानयन केंद्रांत ही होडी चांगली रुळली. होड्या सारख्या केल्या तरी एक घटक उरतोच : आतल्या दोघांचे वजन. मंद वाऱ्यात हलकी जोडी फायद्यात. वारा वाढला की होडीला कलू न देणारी भारी जोडी.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. एंटरप्राइझचे सुवर्णपदक कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पतिपत्नींनी नेले. प्लायवूडच्याच ‘फायरबॉल’ वर्गाचे सुवर्णपदक भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांना मिळाले.