तलफ आणि संवाद



व्यसन म्हटलें कीं आपल्याकडे दोनच उपाय सुचतात : एक उपदेश आणि दुसरा धाक. सारें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें मीं ह्या दोहोंचाही पुष्कळ उपयोग केला आहे. एकदां एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो गर्दच्या नादीं लागला होता. "मास्तर, तुम्हींच याला चार शब्द सांगा," असें ते म्हणाले. मीं चार काय, चाळीस सांगितले. मुलानें खालीं मान घालून सर्व ऐकलें. मग तो माझ्या पायां पडला आणि निघून गेला. त्याचें व्यसन कांहीं सुटलें नाहीं. माझें चुकलें कोठें, ह्याचा शोध घेतां घेतां जो इतिहास हातीं लागला, तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम तलफ म्हणजे काय तें पाहूं. नशेचा पदार्थ शरीरांतून निघून जाण्यास थोडे दिवस पुरतात; परंतु तो जेथें घेतला ती जागा, ज्यांच्या संगतीनें घेतला ते मित्र, हातीं आलेला पगार, घरांतील भांडण, ह्यांपैकीं कशानेंही वर्षानंतरसुद्धां मनाची ओढ एकाएकीं उसळून येते. हीच तलफ. शपथ घातल्यानें ती जात नाहीं. मग बोलण्यानें तरी ती कशी आवरावी ?

१८४० सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं एका गुत्त्यांत सहा पिणारे मित्र बसले होते. तेथेंच त्यांनीं दारू सोडण्याचा निश्चय करून जॉर्ज वॉशिंग्टनच्या नांवानें एक मंडळी स्थापन केली. मद्यपाननिषेधाच्या सभा त्या काळीं पुष्कळ होत. पण तेथें न पिणाऱ्यांनीं बोलावें व पिणाऱ्यांनीं ऐकावें, अशी रीत असे. ह्या मंडळींत स्वतः पिणारेच उठून आपली हकीकत सांगूं लागले. लोक त्यांकडे लोटले. पुढें दहा वर्षांच्या आंत ही चळवळ ओसरली, तरी एक वाट तिनें दाखवून दिली होती.

ती वाट १९३५ सालीं पुन्हां सांपडली. शेअरबाजारांत काम करणारा बिल विल्सन त्या वर्षींच्या मे महिन्यांत ॲक्रन शहरीं आला. त्याची दारू सुटून जेमतेम पांच महिने झाले होते. योजलेलें काम फसलें. आणि हॉटेलच्या दिवाणखान्यांत एकटा उभा असतां शेजारच्या मद्यगृहांतील आवाज कानीं येतांच त्याची तलफ जागी झाली. त्यानें एका धर्मगुरूला टेलिफोन केला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटवून देण्याची विनंती केली. त्या धाग्यानें डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याची गांठ पडली. ह्यापूर्वीं न्यूयॉर्कांत बिलनें अनेकांना उपदेश केला होता; त्यानें एकाचीही दारू सुटली नव्हती. म्हणून ह्या खेपेस त्यानें केवळ आपलेंच दुःख सांगितलें. पंधरा मिनिटांसाठीं आलेला डॉक्टर कित्येक तास बसून राहिला. ह्याच भेटींतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना जन्मास आली, आणि १९५३ सालीं कॅलिफोर्नियांत अफू, हेरॉइन आदि द्रव्यांच्या व्यसनी लोकांसाठीं 'नार्कोटिक्स ॲनॉनिमस' निघाली.

विद्वानांचें लक्ष इकडे जरा उशिरां वळलें. १९८२ सालीं विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेंत गेले असतां तेथील तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांस वरचेवर अडवून विचारीत, "आपण हाच प्रश्न कां विचारला ?" उत्तरें देतां देतां मिलर यांना आपलीच पद्धत उमगली, आणि १९८३ सालीं त्यांनीं ती लिहून काढली. व्यसन सोडण्याचीं कारणें वैद्यानें सांगूं नयेत. तीं रोग्याच्याच तोंडून वदवावीं, हें तिचें सूत्र. आपण एखाद्यास कोंडींत पकडलें कीं तो व्यसनाची वकिली करूं लागतो, आणि ती करतां करतां स्वतःचीच समजूत घालतो. मिलर व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, सल्लागार जितका अधिक वाद घाली, तितका रोगी वर्षानंतर अधिक पिई.

सिॲटल येथील ॲलन मार्लट यांनीं तलफेचाच विचार केला. त्यांचा ग्रंथ १९८५ चा. तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी असते. ती चढते, शिखरास पोंचते आणि ओसरते. तिच्याशीं झुंजूं नये व तिच्यापुढें लोटांगणही घालूं नये. ती शरीरांत कोठें जाणवते तें न्याहाळीत ओसरेपर्यंत तग धरावा, असें ते शिकवीत. एकदां पाय घसरला म्हणजे सर्वस्व गेलें, हा समजच माणसास पुन्हां खड्ड्यांत लोटतो, असेंही त्यांनीं दाखविलें.

तथापि बोलणें म्हणजे जादू नव्हे. हेरॉइनच्या व्यसनांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ह्यांसारखीं औषधें फार मोलाचीं आहेत. पण फिलाडेल्फियांत मेथाडोन घेणाऱ्या ९२ पुरुषांवर झालेला, १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो कीं, नुसत्या औषधावर ठेवलेल्यांपैकीं ६९ टक्क्यांना नशा न थांबल्यामुळें किंवा प्रकृति बिघडल्यामुळें प्रयोगांतून काढून अधिक उपचारांकडे न्यावें लागलें. सल्लामसलतीची जोड मिळालेल्यांची स्थिति पुष्कळच बरी राहिली.

आपल्या पुण्यासही ही वाट आली. अनिल अवचट यांचे गर्दवरील लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं साहाय्य दिलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट यांच्या देखरेखीखालीं 'मुक्तांगण' उघडलें. जे तेथें रोगी म्हणून आले, त्यांतलेच कित्येक पुढें कार्यकर्ते होऊन नव्या रोग्यांचा हात धरूं लागले. बाल्टिमोरच्या त्या सहा जणांना हें पाहून परकें वाटलें नसतें.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याविषयीं. त्या दिवशीं मीं त्याला एकही प्रश्न विचारला नाहीं. ओढ केव्हां येते, त्या वेळीं काय होतें, काय गमावल्याचें त्याला सर्वांत अधिक दुःख आहे, ह्यांतलें मला कांहींच ठाऊक नव्हतें, आणि तरीही मी तासभर बोललों. आपल्या घरीं, शेजारीं असा कोणी असेल, तर त्याला वैद्याकडे अवश्य न्यावें. पण त्याआधीं त्याच्याजवळ बसावें, एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. हें शेवटचें फार कठीण आहे, हें मी अनुभवानें सांगतों.