लिहून घेणारे शिष्य

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले. ऐकायला सत्याग्रहात पकडलेले राजबंदी होते. त्यांत जमनालाल बजाज होते, गुलजारीलाल नंदा होते, आणि प्रत्येक वाक्य कागदावर उतरवून घेणारे पांडुरंग सदाशिव साने होते. रविवारी एक अध्याय, अशी ही प्रवचने १९ जूनपर्यंत चालली. अठरा रविवार, अठरा अध्याय. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. सान्यांचा हात जेवढा धावला, तेवढे उरले. आज ‘गीता प्रवचने’ भारतातल्या बहुतेक भाषांत वाचली जातात, ती त्या हाताच्या जोरावर.

बोलणारा छत्तीस वर्षांचा आणि लिहिणारा बत्तीसचा. वयात अंतर फारसे नव्हते. शिवाय साने स्वतःच गुरुजी होते. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांचे अंथरूण-पांघरूण बघत होते आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या हाकेला ओ देऊन त्यांनी नोकरी सोडली. अख्खे अमळनेर ज्यांना गुरुजी म्हणत होते, ते धुळ्यात मान खाली घालून दुसऱ्याचा शब्द टिपत बसले. ‘गीता प्रवचने’ वाचताना समोर कोणी बसून बोलतो आहे असे वाटते. दृष्टान्त घरगुती आहेत, वाक्ये छोटी आहेत, मध्येच श्रोत्यांना घातलेली साद तशीच आहे. लिहिणाऱ्याने आपली भाषा मध्ये आणली असती तर हे टिकले नसते. आणि साने काही भाषेने गरीब नव्हते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. इतका भावनेने भरलेला लेखक अठरा रविवार स्वतःला बाजूला ठेवू शकला, याला गुरुसेवा नाही तर काय म्हणायचे?

गुरुसेवा म्हटले की पाणी भरणे, पाय चेपणे, भिक्षा मागून आणणे हेच आठवते. कथा-कीर्तनांतून तेच सांगितले जाते. पण मराठी मुलखात गुरूचा शब्द ज्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिला, ते बहुधा लिहून घेणारे होते. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा लेखक होते सच्चिदानंदबाबा. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ या सालासोबत त्यांचेही नाव आहे. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या. झाडाची फांदी तोडताना विहिरीत पडलेल्या कल्याणाची गोष्ट पोराटोरांना ठाऊक असते. त्याच्या अक्षराबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

त्या अक्षरासाठी आयुष्य वेचणारा माणूस धुळ्याचाच होता. शंकर श्रीकृष्ण देव. राजकारणातले शंकरराव देव वेगळे. हे धुळ्याचे नानासाहेब. १८९३ मध्ये त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढे गावोगावच्या रामदासी मठांतून समर्थ संप्रदायाची बाडे मिळवण्याच्या मागे ते लागले. काम सोपे नव्हते. मठातली पोथी म्हणजे रुमालात बांधून देवघरात ठेवलेली वस्तू. तिला रोज गंध-फूल वाहायचे, उघडून वाचायची मात्र क्वचितच. मठपतीच्या दृष्टीने ती गुरूचे रूप. देवांच्या दृष्टीनेही तशीच, पण बंद रुमालातला गुरू कोणाला शिकवणार? सीना नदीकाठच्या डोमगाव मठात कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत जपलेली होती. तिच्या आधाराने देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापून काढला. त्याआधी बाजारात मिळणाऱ्या पाठांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलाकारांच्या चुका साचलेल्या होत्या.

याच दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा समास आहे. चमत्कार दाखवणारे, मंत्र-तंत्र शिकवणारे, पोटापुरती विद्या देणारे असे अनेक गुरू समर्थ तिथे मोजतात आणि यांतला कोणीही सद्गुरू नव्हे, असे सांगून मोकळे होतात. लगेच पुढे शिष्यलक्षणाचा समास येतो. गुरू पारखून घ्या म्हणणारा गुरू शिष्यालाही पारखतो. बुवाबाजीच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांनी हे दोन्ही समास सलग वाचावेत.

देवांनी जमवलेला हा ठेवा धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहे. नावात मंदिर असले तरी आतले दैवत म्हणजे हस्तलिखिते. समर्थांच्या स्वतःच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रतही तिथेच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला तोही धुळ्यातच, आणि त्यांच्या दप्तरांभोवती पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांची एवढी कदर करणारी गावे महाराष्ट्रात थोडी.

जळगावकडे मात्र गुरूची सगळ्यात लाडकी गोष्ट कोऱ्या कागदाची आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावाशी जोडलेले योगी चांगदेव चौदाशे वर्षांचे होते, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले, पण मायना काय लिहावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद गेला. मुक्ताबाई म्हणाली, इतके जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच चांगदेव पासष्टी. पण गुरू झाली ती मुक्ताबाई. परंपरेच्या हिशेबाने ती जेमतेम अठरा वर्षे जगली. तिची समाधी खान्देशातलीच, आणि दर आषाढीला मुक्ताईनगरहून निघणारी तिची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूर गाठते. पांढऱ्या दाढीचा योगी एका पोरीपुढे शिष्य म्हणून बसला, हे या मुलखाने शतकानुशतके अभिमानाने सांगितले आहे.

सगळ्या गुरूंना लेखक मिळाले नाहीत. तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, तळोद्याजवळच्या मोरवडला, १९३०च्या दशकात गुलाम महाराज नावाचे भिल्ल संत झाले. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला जमा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, हा त्यांचा उपदेश. ज्यांना सावकार, जमादार, सगळेच अरे-तुरे करत, त्या माणसांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला सुरुवात केली. आरतीला हजारोंनी माणसे लोटू लागली, तेव्हा सरकार धास्तावले. १९३८ मध्ये महाराज गेले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे चालवले. गुलाम महाराजांचा शब्द आरतीत आणि त्या संबोधनात टिकला. समोर बसून रोजचे बोलणे उतरवून घेणारा साने गुरुजी मोरवडला असता, तर मराठी वाचकाच्या कपाटात आणखी एक मोठे पुस्तक असते.

खान्देशातल्या कितीतरी घरांत अजून आजोबांच्या भजनाच्या वह्या, कीर्तनाची टिपणे, एखाद्या महाराजांच्या बोलण्याची जीर्ण पाने माळ्यावर पडून आहेत. घर बांधायला काढले की ती आधी रद्दीत जातात. तेवढे करू नका. पाने झटका, कोणी लिहिली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि एकदा धुळ्याला नेऊन जाणकारांना दाखवा.