भूमिगत तेलवाहिनी आणि गळतीची रंगीत तालीम : नीरा खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

तेलगळती म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे येतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली, तेव्हा किनाऱ्याला लागलेला काळा तवंग वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिला. भारतातील गळती-प्रतिसादाची व्यवस्थाही समुद्राकडे तोंड करूनच उभी राहिलेली आहे. १९९३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आकस्मिक योजनेने समन्वयाचे काम भारतीय तटरक्षक दलाकडे सोपविले. या दलाचा ‘नॅटपोलरेक्स’ हा राष्ट्रीय सराव २०२२ मध्ये गोव्याच्या समुद्रात आणि २०२३ मध्ये गुजरातमधील वाडीनार येथे झाला. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना अशा इतिहासात स्थान असण्याचे वरवर पाहता काहीच कारण नाही.

परंतु तेल केवळ जहाजातून जात नाही. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेले पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल जमिनीखालून घाट चढून देशावर येते आणि उसाच्या, डाळिंबाच्या शेतांखालून पुढे जाते. अशी वाहिनी चालविणाऱ्या कंपनीने गळतीसाठी कोणती तयारी ठेवावी, तिची तालीम कशी घ्यावी आणि ती यशस्वी झाली की नाही हे कोणी व कशावरून ठरवावे, या प्रश्नांना स्वतंत्र इतिहास आहे. कालवे आणि विहिरी यांच्या प्रदेशात या तालमींचा प्रचलित साचा अपुरा का पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचे जाळे

हा प्रदेश समजून घेतल्याशिवाय गळती समजणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात ज्या पाटबंधारे कामांना चालना मिळाली, त्यांपैकी नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील कोरडवाहू जमिनीला त्याने पाणी दिले. त्या पाण्यावर ऊस आला आणि उसामागून विसाव्या शतकात वालचंदनगरचा खाजगी व पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखाने आले. हा भाग सुपरिचित आहे. त्याची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. कालव्याच्या पाझराने आणि अतिपाण्याने खालच्या जमिनी पाणथळ झाल्या, चोपण झाल्या. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये पुण्यात जो विशेष पाटबंधारे विभाग स्थापन झाला, त्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र विकसित झाले. त्या विभागात क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळीचा अभ्यास केला. वरची काळी माती, तिच्याखालचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळलेला कातळ यांतून पाणी कसे सरकते, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. उपाय म्हणून निचऱ्याचे चर खोदले गेले.

तेलवाहिनीच्या दृष्टीने या इतिहासाला महत्त्व आहे. मुरुमातून जसे पाणी सरकते तसेच पेट्रोलही सरकते. निचऱ्याचा चर शेतातले जादा पाणी ओढ्याकडे नेतो, तो पाण्यावर तरंगणारे तेलही तितक्याच तत्परतेने नेईल. विहीर, चारी, चर, ओढा आणि नदी ही सव्वाशे वर्षांत माणसाने जोडत नेलेली एक साखळी आहे, आणि गळतीचा मार्ग बव्हंशी तीच साखळी ठरविते.

वाहिनी आणि तिचा कायदा

हिंदुस्तान पेट्रोलियमच्या वाहिनीचा मुंबई-पुणे टप्पा १९८५ मध्ये कार्यान्वित झाला. पुढे तीच वाहिनी सोलापूरपर्यंत वाढविण्यात आली. या मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनीची लांबी सुमारे ५०८ किलोमीटर आहे. वाहिनी बहुउत्पादनी आहे, म्हणजे एकाच नळातून पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल आळीपाळीने पाठविले जाते.

जमिनीचा मालक मात्र शेतकरीच राहतो. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमानुसार सरकार जमीन घेत नाही, तिच्या वापराचा हक्क घेते. मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारमूल्याच्या दहा टक्के रक्कम आणि प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळते. त्या पट्ट्यात शेतकऱ्याने पीक घ्यावे, पण घर बांधू नये, विहीर वा तळे खोदू नये, झाड लावू नये, अशी ही व्यवस्था आहे. नांगर आणि नळ एकाच जमिनीत, एक वर व एक खाली, असे हे सहजीवन आहे. तरीही १९६२ चा कायदा शेतकऱ्याकडे केवळ हरकत घेणारा वा मोबदला मागणारा म्हणून पाहतो. गळती प्रथम ओळखू शकणारा माणूस म्हणून त्याचा विचार तेथे नाही. २०११ च्या दुरुस्तीने वाहिनीतून चोरी करणाऱ्यांची शिक्षा कडक झाली, ती गरज ओळखूनच. पण त्या दुरुस्तीचाही रोख गुन्हेगारावर होता, शेजाऱ्यावर नव्हे.

फलटण तालुक्यातील घटना

२०२१ मध्ये नीरेच्या दक्षिणेस, फलटण तालुक्यातील सासवड येथे (पुरंदरचे सासवड वेगळे) चोरीच्या उद्देशाने या वाहिनीला छिद्र पाडण्यात आले. चोरांच्या हाती सुमारे दोन हजार लिटर पेट्रोल लागले. जमिनीत मुरले ते दोन लाख लिटरहून अधिक. पिकांचे नुकसान झाले आणि विहिरींच्या पाण्यात पेट्रोल उतरले. चोरांना अटक झाली आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. पेट्रोलची घनता लक्षात घेता दोन लाख लिटर म्हणजे सुमारे दीडशे टन. राष्ट्रीय योजनेत सातशे टनांपर्यंतची गळती पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्तरात मोडते. समुद्राच्या मापाने जी घटना किरकोळ, ती एका गावाच्या मापाने पिढीभराचे संकट ठरू शकते. विहिरीला भरती-ओहोटी नसते. पाण्यावर तरंगणारे पेट्रोल उपसून काढता येते, पण त्यातील बेंझिनसारखे घटक पाण्यात विरघळतात आणि मुरुमात अडकलेला अंश पुढच्या पावसात पुन्हा खाली उतरतो. हवेपेक्षा जड असलेली वाफ विहिरीत साचून राहते. मोटार दुरुस्त करण्यासाठी खाली उतरणाऱ्याला ती गुदमरवू शकते आणि स्टार्टरच्या ठिणगीने पेटू शकते. टनांत मोजणाऱ्या योजनेत यांपैकी कशालाच रकाना नाही.

तालमीची परंपरा

रंगीत तालमीची सक्ती भारतात भोपाळनंतर आली. तेल उद्योगासाठी १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी, आणि त्यांच्या पुढील दुरुस्त्यांनी, आवाराच्या आतील योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी आणि आवाराबाहेरील योजनेची वर्षातून एकदा व्हावी असे ठरविले. पहिली जबाबदारी कंपनीची, दुसरी जिल्हा प्रशासनाची. १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा आपत्कालीन गटांची उतरंड दिली. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले आणि त्याच्या २०१० च्या विनियमांनी आणीबाणीचे तीन स्तर, तालमी व त्यांच्या नोंदी यांची चौकट ठरवून दिली.

या सर्व नियमांत ‘आवार’ ही कल्पना मध्यवर्ती आहे. कारखान्याला कुंपण असते, त्यामुळे आत आणि बाहेर हा भेद तेथे स्पष्ट असतो. शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिनीला आत कोठले? पंपिंग केंद्र आणि झडपा सोडल्यास ती सर्वच्या सर्व बाहेर आहे. तरीही तालीम बहुधा जेथे आवार आहे तेथेच घेतली जाते. भोंगा वाजतो, फोमचा मारा होतो, रुग्णवाहिका येते, निरीक्षक घड्याळ पाहून शेरा लिहितात. अशा तालमीतून अग्निशमनाचा सराव होतो हे नाकारता येत नाही. पण ज्या शेतात छिद्र पडते ते शेत तालमीत कधी येत नाही.

अमेरिकेतील अनुभव याबाबतीत बोलका आहे. १९८९ च्या ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ दुर्घटनेनंतर तेथे १९९० चा तेलप्रदूषण कायदा झाला आणि १९९४ मध्ये सरावांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. तिने सरावाचे प्रकार वेगळे केले. कोणाला, किती वेळात कळविले जाते एवढेच पाहणारा तिमाही सराव. नकाशा पुढे ठेवून निर्णय तपासणारा कागदावरचा सराव. आणि साधने प्रत्यक्ष उतरविण्याचा सराव. योजनेचे पंधरा घटक तीन वर्षांच्या चक्रात एकदा तरी तपासले गेले पाहिजेत, आणि काही सराव पूर्वसूचनेविना व्हावेत, हा तिचा आग्रह होता. चौकट निःसंशय विचारपूर्वक रचलेली होती.

तरीही २५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यातील मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची वाहिनी फुटली, तेव्हा नियंत्रण कक्षाला ती गळती आहे हे उमगण्यास सतरा तासांहून अधिक काळ लागला. दाब कमी झाल्याच्या सूचना येत होत्या. त्यांचा अर्थ चुकीचा लावून वाहिनी दोनदा पुन्हा सुरू करण्यात आली. त्याच रात्री रहिवाशांनी वासाची तक्रार केली होती. अग्निशमन दल आले, त्याने नैसर्गिक वायूची गळती शोधली, आणि काही न सापडल्याने परत गेले. अखेर दुसऱ्या दिवशी एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने दूरध्वनी केल्यावर प्रकार लक्षात आला. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरातही २२ एप्रिल १९९२ च्या स्फोटापूर्वी काही दिवस लोक गटारांतून पेट्रोलचा वास येत असल्याचे सांगत होते. तेथे दोनशेहून अधिक माणसे मेली. दोन्ही ठिकाणी माहिती उपलब्ध होती. ती वास घेणाऱ्याकडून झडप बंद करणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही.

मूल्यमापनाचे माप

यावरून तालमीचे खरे माप कोणते असावे हे स्पष्ट होते. पथक किती मिनिटांत पोहोचले हा प्रश्न गौण आहे, कारण पथकाला निघण्याचा आदेश मिळण्यापूर्वीच बहुतेक हानी झालेली असते. पहिला वास आणि झडप बंद होणे यांमधील वेळ मोजला पाहिजे. दाब आणि प्रवाह यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मोठी फूट ओळखते. चोरीच्या छिद्रातून होणारा संथ पाझर तिच्या अचूकतेच्या मर्यादेखाली राहू शकतो. तेथे गस्त घालणारा कर्मचारी, शेतकरी आणि पाटकरी हेच संवेदक होत. म्हणून पूर्वसूचना न देता, वाहिनीच्या पट्ट्यातील एखाद्या शेतकऱ्याने खुणेच्या खांबावरील क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि तेथून पुढची प्रत्येक पायरी घड्याळाने नोंदवावी, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर सराव ठरेल. दूरध्वनी उचलणाऱ्याला मराठी समजते का, सांगितलेल्या गट क्रमांकावरून त्याला वाहिनीवरील ठिकाण काढता येते का, हे त्यात पाच मिनिटांत उघड होईल.

दुसरा प्रश्न, त्या क्षणी नळात काय आहे. डिझेल असेल तर चारीवर मातीच्या पोत्यांचा बांध घालून त्यात तिरपा नळ ठेवता येतो. खालून पाणी जाते आणि वरचा तवंग अडतो. नीरेवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर ढापे टाकण्या-काढण्यात गावोगावची माणसे तरबेज आहेत, त्यांना हे तत्त्व शिकवावे लागणार नाही. पेट्रोल असेल तर मात्र तोच बांध ज्वालाग्राही वाफेचे कुंड बनेल. तेथे प्रथम माणसे दूर करणे, मोटारींचा वीजपुरवठा तोडणे आणि कालव्याचे आवर्तन चालू असल्यास दारे बंद करविणे हा क्रम आहे. एकाच वाहिनीसाठी दोन परस्परविरुद्ध कृती लागत असताना तालमीच्या संहितेत केवळ ‘तेल’ असे लिहिलेले असणे हा मूल्यमापनातील मोठा दोष मानला पाहिजे.

वीज तोडणे महावितरणच्या हाती, दारे जलसंपदा विभागाच्या हाती, विहिरींची यादी तलाठ्याकडे, झडप कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडे. नीरा नदी तर बारामतीपाशी पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची, पुढे इंदापूरपाशी पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांची हद्द आहे, आणि आवाराबाहेरील योजना जिल्हा हा घटक धरून केल्या जातात. फलटणच्या बाजूचा ओढा नीरेत तवंग सोडील तेव्हा उत्तर काठावर पुण्याचा जिल्हाधिकारी असेल. नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते आणि ते पाणी उजनी धरणाच्या खालून पंढरपूरकडे जाते. आषाढीच्या वारीत माउलींच्या पादुकांना नीरा गावाजवळ, तुकोबारायांच्या पादुकांना इंदापूर तालुक्यातील सराटीजवळ याच नदीत स्नान घातले जाते. त्या वेळी काठावर लाखो माणसे असतात आणि त्यांची चूलही तेथेच पेटलेली असते. त्या पंधरवड्यातील गळतीचा कागदावरचा सराव करावयाचा झाल्यास टेबलाभोवती तीन जिल्ह्यांच्या खुर्च्या मांडाव्या लागतील, आणि वाहिनीच्या पट्ट्यातील गावांपैकी निदान एका सरपंचाची.