मधल्या मुलीची खूण

कुटुंबाच्या माहितीचा तक्ता आपण शिक्षकांनी अनेकदा भरलेला असतो. पत्ता एकदाच लिहायचा. नाव, वय, शिक्षण मात्र माणसागणिक. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० सालची. तिथे धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. अशा पाहणीत घरातल्या प्रत्येकाची ओळ वेगळी हवी. कागदावर जागा संपली, तर पाहणी करणारा समासात लिहितो. संगणकाला समास नसतो.

१९९३च्या सुमारास वेबपानावर फॉर्म भरता येऊ लागला. नोव्हेंबर १९९५मध्ये 'एचटीएमएल २.०' या प्रमाणकात त्याचे नियम नोंदले गेले. फॉर्मातून नाव आणि उत्तर अशा जोड्या सर्व्हरकडे जातात. मराठी, हिंदी, कन्नड अशा तिन्ही भाषांवर खूण केली, तर 'भाषा' हेच नाव तीनदा जाते. पण एकच नाव पुन्हा पुन्हा आले, तर सर्व्हरवरच्या प्रोग्रामने काय करावे, हे प्रमाणकाने सांगितले नव्हते.

मग ज्याने त्याने आपली वाट काढली. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीत तिन्ही उत्तरे स्वल्पविरामाने जोडून मिळत. जावाची साधी आज्ञा पहिले उत्तर देते. सगळी हवी असतील, तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवलेल्या पीएचपीत पुढे चौकटी कंसाचा संकेत आला. फॉर्मात 'भाषा[]' असे नाव दिले, की तिन्ही उत्तरांची क्रमवार यादी, म्हणजे ॲरे, तयार होतो. कंस विसरला, तर फक्त 'कन्नड' उरते. चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

कंस दिले म्हणजे काम संपले का? एका घरात तीन मुले आहेत. थोरला आणि धाकटा शाळेत जातात, मधली मुलगी घरी असते. 'नाव[]'मध्ये तीन नावे आली. 'शाळेत जातो' या चौकटीच्या मात्र दोनच खुणा आल्या, कारण खूण न केलेली चौकट पाठवलीच जात नाही. प्रोग्रामने दोन्ही याद्या क्रमाने जुळवल्या, की दुसरी खूण मधल्या मुलीच्या नावावर पडते. ती शाळेत दाखल ठरते आणि धाकटा शाळाबाह्य! एकूण संख्या बरोबर येते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. जिचा शोध घ्यायचा, तीच मुलगी यादीतून निसटते.

यावरचा उपाय हजेरीपटासारखा आहे. कंसात प्रत्येकाचा क्रमांक लिहावा: 'नाव[२]', 'शाळा[२]'. मग दुसऱ्या क्रमांकाची खूण आली नाही, तरी तिसऱ्याची खूण तिसऱ्याकडेच राहते.

शाळेसाठी असा फॉर्म तयार केलात, तर वापरण्यापूर्वी हेच कुटुंब त्यात भरून पाहा. मधली मुलगी घरीच दिसली, तरच फॉर्म बरोबर आहे असे समजावे.